‘हॅव’ म्हणजे जवळ असणे?

आज एका इंग्रजी क्रियापदाविषयी बोलायचे आहे. क्रियापद अगदी लहान, ‘हॅव’. आमच्या वेळी ते पाचवीत भेटे. 2000 साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हापासून मुलांना ते आणखी लवकर भेटते. एकदा भेटले की मग पाठ सोडीत नाही. शिक्षक बंधुभगिनींना यात नवे फार नसेल. पण या शब्दापायी माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती आधी सांगतो.

मी तेव्हा एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवीत होतो. फळ्यावर लिहून दिले होते : ‘हॅव, हॅज म्हणजे जवळ असणे, हॅड म्हणजे जवळ होते.’ मुलांनी घोकून पाठ केले. पावसाळ्यात आठवीतल्या एका मुलाचे वडील वारले. तेरावे आटोपून तो शाळेत आला तो रजेचा अर्ज इंग्रजीत लिहूनच. त्यात वाक्य होते, ‘माय फादर डाइड ऑन द फिफ्थ ऑफ जुलै.’ मी लाल शाईने मध्ये ‘हॅज’ घातला. मुलगा हळूच म्हणाला, “गुरुजी, वडील तर गेले. ते आता जवळ नाहीत. मग हॅज कसं?” दोघेतिघे हसले. त्यांना मी दटावले, पण त्याला उत्तर दिले नाही. “इंग्रजीत असंच असतं,” एवढे म्हणून पुढच्या वहीकडे वळलो.

‘जवळ असणे’ हा अर्थ खोटा नाही, अपुरा आहे. ‘हॅव’ला मराठीत जोडीचे असे एक क्रियापदच नाही. आपण ‘असणे’ घेतो आणि बाकीचा भार मागच्या शब्दावर टाकतो. माझ्याजवळ छत्री आहे. माझ्याकडे दोन बैल आहेत. मला दोन भाऊ आहेत. टेबलाला चार पाय आहेत. तिच्या अंगी धीर आहे. मला ताप आहे. मागचा शब्द दर वेळी बदलला, आणि तो आपण उगीच बदलत नाही. ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ म्हणून पाहा; ऐकणाऱ्याला वाटेल, दोघे शेजारीच बसलेत. इंग्रजीत मात्र छत्री, बैल, भाऊ, पाय, धीर, ताप, सगळ्यांना एकच ‘हॅव’.

मग यात आपली भाषा अडचणीची की त्यांची? मला तर आपली पुष्कळदा नेमकी वाटते. ‘जमीन माझी आहे’ आणि ‘जमीन माझ्याकडे आहे’ यांतला फरक, ज्या गावांनी 1948 च्या कूळकायद्याचे दावे चालताना पाहिले, तिथल्या लहान पोरालाही सांगावा लागत नाही. इंग्रज नुसते ‘आय हॅव फाइव्ह एकर्स’ म्हणाला, तर सातबारा कोणाच्या नावावर आहे ते तेवढ्यावरून पक्के होत नाही. मालकी ठासून सांगायची तर त्याला ‘ओन’ हे दुसरे क्रियापद काढावे लागते.

आता आपल्या नेहमीच्या चुकीकडे येऊ. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’ आपल्याकडे हे वाक्य पुष्कळ शिकलेल्या माणसांच्याही तोंडी ऐकू येते. मराठी वाक्याच्या शेवटी ‘आहे’ दिसले की मूल ‘ॲम’ लिहिते, मग ‘हॅव’चेही स्मरण होते, आणि दोन्ही एकत्र बांधून मोकळे होते. भाऊ असणे ही स्थिती आहे. ते काही चाललेले काम नव्हे. म्हणून तिथे ‘आय हॅव टू ब्रदर्स’. पण चहा घेणे हे काम आहे, ते चालू असू शकते, म्हणून ‘आय ॲम हॅविंग टी’ बिनचूक. चहा घ्या, जेवा, आंघोळ करा, इंग्रजीत ही सारी कामे ‘हॅव’वर भागतात. तेव्हा ‘इंग लावायचा नाही’ एवढेच पाठ करून घेऊ नका. कुठे नाही तेही सांगा.

‘हॅव टू’चा अर्थ ‘लागणे’. ‘मला बाजारला जायचंय’ यात हौसही असेल, गरजही असेल. ‘आय हॅव टू गो’ म्हणजे जावेच लागणार. बोलताना ते ‘हॅफ टू’ असे ऐकू येते, म्हणून मुले गोंधळतात. प्रश्न विचारताना जुन्या पुस्तकांत ‘हॅव यू अ पेन?’ असे असे; आता ‘डू यू हॅव अ पेन?’ हेच सर्रास चालते.

शब्दांचा क्रमही सांभाळावा लागतो. ‘आय हॅव कट माय हेअर’ म्हणजे मी आपल्याच हाताने कात्री चालवली. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे न्हाव्याकडून केस कापून घेतले. केस मध्ये आले की कात्री दुसऱ्याच्या हाती गेली!

आणि इथेच त्या मुलाच्या प्रश्नाची किल्ली आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘मी मासा पकडला आहे’ हे ‘माझ्याजवळ मासा आहे, पकडलेला’ अशा थाटात म्हणत. तिथे ‘हॅव’ खरोखरीच जवळ असणे होते. ‘पकडलेला’ या शब्दाचे रूपही पुष्कळदा माशाप्रमाणे बदले. आपण नाही का ‘मी पत्र लिहिले आहे, चिठ्ठी लिहिली आहे’ म्हणत, तसेच. पुढे मासा वाक्याच्या शेवटी सरकला, जवळ असण्याचा अर्थ झिजला, आणि काम पुरे झाल्याची खूण तेवढी उरली. जाणे, येणे अशा क्रियापदांना तर ‘हॅव’ फार पुढे लागला. आधी इंग्रजही ‘ही इज गॉन’ म्हणत, म्हणजे थेट आपले ‘तो गेला आहे’. म्हणून ‘हॅज डाइड’मध्ये जवळ कोणीच नसते. मुलाची शंका रास्त होती.

पण माझी खरी चूक याहून साधी होती. मराठीत ‘वडील 5 जुलैला वारले आहेत’ हे चालते. इंग्रजीत होऊन गेलेल्या घटनेची तारीख सांगितली की ‘हॅव, हॅज’ बसत नाही. तिथे नुसते ‘डाइड’च पाहिजे. मुलाने लिहिले होते ते बरोबर होते. बिघडवले मी.

हे मला दिवाळीच्या सुटीत व्याकरणाचे पुस्तक चाळताना उमगले. सुटी संपली, पण मुलगा शाळेत आला नाही. घरचे शेत त्याच्यावर पडले होते. शाळेच्या दप्तरातून त्याचा अर्ज काढून लाल ‘हॅज’ खोडला आणि संध्याकाळी शेतावर गेलो. तो औत धरून होता. म्हटले, “तुझं वाक्य बरोबर होतं रे. चूक माझी.” त्याने बैल थांबवले. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मग गुरुजी, हॅज म्हणजे जवळ असणं नाही?”

मी बांधावर बसलो आणि छत्री, बैल, भाऊ इथपासून सांगायला सुरुवात केली.