पाळी आणि प्रवाह

येडगांव धरणांतून निघालेला कुकडीचा डावा कालवा कर्जत तालुक्यांत शिरतो, तेव्हां त्याचा बहुतेक प्रवास संपलेला असतो. वरच्या अंगाचीं दारें बेबंद उघडीं राहिलीं, तर टेलच्या शेतकऱ्याच्या वांट्यास कोरडी चारीच येणार. म्हणून शेजपाळी ठरवावी लागते. इंटरनेटच्या तारेसही अशीच पाळी लागते.

तारेंतून माहिती लहान लहान पाकिटांच्या रूपानें एकामागून एक जाते. एखाद्या घरून सेकंदास १० मेगाबिट पाठवितां येतात असें समजूं. थोरला मुलगा मोठी चित्रफीत पाठवीत आहे आणि त्याच वेळीं आजी दूरच्या डॉक्टरांस आपलें दुखणें सांगत आहे. राउटरच्या रांगेंत दीड हजार बाइटचीं १,००० पाकिटें तुंबलेलीं असलीं, तर आजीच्या प्रत्येक शब्दास १.२ सेकंद ताटकळावें लागतें. रांग लांबविल्यानें खोळंबा वाढतोच.

यावर उपाय असा. तारेच्या क्षमतेहून किंचित् कमी, म्हणजे साडेनऊ मेगाबिटच सोडावे. मग तुंबा पुढच्या परक्या यंत्रांत न होतां घरच्या राउटरांत होतो व त्यास शिस्त लावतां येते. त्यानंतर प्रत्येक संभाषणास निराळी रांग देऊन पाळीपाळीनें दार उघडावें. ही समन्यायी कल्पना जॉन नेगल यांनीं १९८५ सालीं मांडली. २०१२ सालीं कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनीं 'कोडेल' ही रीत दिली. तींत रांगेची लांबी न पाहतां पाकीट किती वेळ थांबलें तें पाहतात. विलंब टिकून राहिला, कीं एखादें पाकीट टाकून देतात. पाठविणारें यंत्र त्यावरून उमजून आपला वेग आंवरतें.

आतां यंत्राची निवड. १० मेगाबिटला दर मोठ्या पाकिटामागें १.२ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यास साधा प्रोसेसर व लिनक्समधील विनामूल्य व्यवस्था पुरते. वेग १० गिगाबिट झाला, कीं तेंच काम १.२ मायक्रोसेकंदांत, आणि सर्वांत लहान पाकिटांचें सुमारें ६७ नॅनोसेकंदांत उरकावें लागतें. तेथें खास चिप हवी. परंतु चिपमधील रांगा मोजक्याच. प्रत्येकास स्वतंत्र पाळी न देतां थोडे वर्ग पाडून भागवावें लागतें. म्हणून मुख्य वाहिनीवर चिप, आणि घर, शाळा किंवा ग्रामपंचायत यांच्या दारीं सूक्ष्म न्याय करणारा राउटर, ही वांटणी योग्य होय.

तेव्हां अधिक वेगासाठीं अधिक पैसे भरण्यापूर्वीं, आपला राउटर रांग कशी लावतो, एवढें प्रत्येकानें अवश्य विचारावें.