रुपयाचा भाव आणि उद्योजकाचे अर्थशास्त्र



बंगळुरूत स्वतःचा व्यवसाय उभारू पाहणाऱ्या तरुणाने विद्यापीठात अर्थशास्त्र कशासाठी शिकावे? जमाखर्च तर लेखापालही मांडू शकतो. परंतु व्यवसायाचे भवितव्य केवळ त्याच्या खतावणीत ठरत नाही. १९८१ मध्ये पुण्यात १०,००० रुपयांच्या भांडवलावर स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरूला आली. त्या काळी संगणक आयात करण्यासाठी सरकारी परवान्याची प्रतीक्षा करावी लागे. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर हे अडसर दूर होत गेले. उद्योजकांची जिद्द तीच होती, धोरण मात्र बदलले होते.

निर्यातदाराचे गणित रुपयाच्या विनिमय दरावरही अवलंबून असते. रुपया घसरला की डॉलरमधील कमाईचे अधिक रुपये होतात. हा लाभ येतो कोठून? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात याचे विवेचन केले आहे. चलनाचे मूल्य घसरते तेव्हा किमती वाढतात, मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे निर्यातदाराचा हा लाभ देशातीलच दुसऱ्या वर्गाच्या तोट्यातून आलेला असतो, असे त्यांनी दाखवून दिले.

बाबासाहेबांचे नाव धारण करणारी अर्थशास्त्राची स्वतंत्र शिक्षणसंस्था बंगळुरूत २०१७ मध्ये सुरू झाली. भावी उद्योजकाने अर्थशास्त्राकडे वळावे ते याच जाणिवेने. नफा किती झाला हे खतावणी सांगते. तो कोणाच्या वाट्यातून आला, हे अर्थशास्त्र विचारावयास शिकविते.