इंग्रजी शब्दांचे भाऊबंद



वाचनात ‘विटनेस’ हा शब्द आला, की आपण ‘साक्षीदार’ असा अर्थ फळ्यावर लिहून पुढे जातो. मूल तो पाठ करते आणि विसरते. परंतु शब्दांनाही आप्त असतात.

१६११ सालच्या इंग्रजी बायबलात ‘वॉट’ म्हणजे ‘जाणतो’ व ‘विस्ट’ म्हणजे ‘जाणत होता’ ही रूपे आढळतात. ती आता व्यवहारातून गेली. पण ‘विट’ म्हणजे बुद्धी, ‘वाइज’ म्हणजे शहाणा, ‘अनविटिंगली’ म्हणजे नकळत, हे त्यांचे भाऊबंद अद्याप नांदत आहेत. ‘विटनेस’चा मूळ अर्थही ‘जाण’ असाच होता; जाण, मग साक्ष, मग साक्षीदार, असा तो पालटत आला.

आपला ‘विद्’ धातू याच कुळातला. संस्कृतातील ‘द’च्या जागी इंग्रजीत नियमाने ‘ट’ येतो: द्वि–टू, दश–टेन, विद्–विट.

मात्र केवळ उच्चारसाम्यावर विसंबू नये. ‘बदनाम’मधील ‘बद’ फारशी आहे. इंग्रजी ‘बॅड’शी त्याचा अर्थ जुळतो, ध्वनीही जुळतो, तरी दोघांचे नाते नाही. नाते ठरते ते अनेक शब्दांत दिसणाऱ्या नियमावरून.

आठवड्यास असे एकच कुटुंब फळ्यावर मांडावे. हा परका शब्द आपल्या ‘विद्ये’चाच आप्त आहे, हे ज्या मुलास उमगते, त्याची इंग्रजीची धास्ती ओसरू लागते.