आईचे दुसरे दान
(पालकसभेतील भाषण)



आईची थोरवी सांगताना तान्ह्या बाळाच्या उशाशी जागणारी माता डोळ्यांसमोर येते. पण मूल मोठे होते, कमावू लागते, आईच्या उंचीच्या वर जाते. मग त्याच्या दुखण्यात तिचे स्थान कोणते उरते? या प्रश्नाचे एक उत्तर वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे.

डिसेंबर १९५२ मध्ये फ्रान्समधील मारियुस रनार हा सोळा वर्षांचा, सुतारकाम करणारा मुलगा परांचीवरून खाली कोसळला. रक्तस्राव थांबेना, म्हणून त्याचे जखमी मूत्रपिंड काढून टाकावे लागले. त्यानंतर उलगडा झाला, की त्याला जन्मतः एकच मूत्रपिंड होते. त्या काळी डायलिसिसची सोय सहज उपलब्ध नव्हती. मृत्यू अटळ दिसत होता.

तेव्हा त्याची आई जिल्बेर्त पुढे आली. आपले एक मूत्रपिंड काढून मुलाला द्यावे, असा आग्रह तिने डॉक्टरांकडे धरला. त्यापूर्वी फ्रान्समध्ये झालेले असे प्रयत्न निष्फळ ठरले होते. निरोगी माणसावर, त्याच्या स्वतःच्या कोणत्याही लाभाविना, शस्त्रक्रिया करावी की नाही, हाही मोठाच नैतिक प्रश्न होता. परंतु आई मागे हटली नाही. नाताळच्या आदल्या रात्री पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात प्राध्यापक ज्याँ आम्बुर्जे यांच्या पथकाने ती शस्त्रक्रिया पार पाडली. आईचे मूत्रपिंड मुलाच्या देहात लगेच काम करू लागले. सुमारे तीन आठवडे त्याची प्रकृती सुधारत गेली. नंतर ते मूत्रपिंड थांबले आणि काही दिवसांतच मारियुसचे निधन झाले.

असे का घडले? मुलाच्या शरीरातील निम्मा वारसा आईचा असतो, तर निम्मा पित्याचा. त्यामुळे आईचा अवयवही मुलाच्या देहाला पूर्णपणे आपला वाटत नाही. तो त्याला परका समजून नाकारतो. याच न्यायाने गर्भातले मूलही आईला निम्मे परकेच असते. तरीही तिचा देह नऊ महिने त्याला सामावून घेतो. मुलाच्या देहाला मात्र आईचा अवयव तीन आठवड्यांपलीकडे सामावता आला नाही. यात दोष कोणाचाही नाही. तो निसर्गाचा नियम आहे.

जिल्बेर्तचे दान मुलाला वाचवू शकले नाही, पण ते वाया गेले नाही. जवळच्या नातेवाइकाचे मूत्रपिंड निदान काही काळ उत्तम काम करते, हे त्यातून दिसले. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९५४ मध्ये, बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एकसारख्या जुळ्या भावांमध्ये केलेले प्रत्यारोपण यशस्वी झाले. पुढे शरीराचा विरोध आवरणारी औषधे आली. भारतात १९७१ साली वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले आणि १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संमत झाला. आज प्रत्यारोपणानंतर अनेक रुग्ण वर्षानुवर्षे कामधंदा करतात, संसार करतात.

मात्र या प्रगतीची एक बाजू विचार करायला लावणारी आहे. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे, तर अवयव मिळणाऱ्यांत पुरुष अधिक आहेत. मुलगा आजारी पडला, की घरातील नजरा आपोआप आईकडे वळतात. मुलगी आजारी पडली तर तितकीच धावपळ होते का? आणि आई स्वतः आजारी पडली तर पुढे कोण येते? आईने स्वेच्छेने दिले तर ते दान. परंतु ती देणारच असे घराने धरून चालणे हा अन्याय होय. तिची संमती मनापासून विचारली गेली पाहिजे आणि तिच्या नकाराचाही मान राखला गेला पाहिजे.

दान केल्यानंतरही आईची काळजी संपत नाही. एका मूत्रपिंडावर माणूस निरोगी आयुष्य जगू शकतो, तरीही रक्तदाब, लघवी आणि रक्ताची तपासणी तिने नियमितपणे करून घेणे आवश्यक असते. पुष्कळ घरांत मुलाच्या औषधांच्या वेळा भिंतीवर लिहिलेल्या असतात. आईच्या तपासणीची तारीख मात्र कोणाच्याच लक्षात नसते. ती तारीख लक्षात ठेवणे हे मोठ्या झालेल्या मुलांचे कर्तव्य आहे. मरणोत्तर अवयवदानाचा संकल्प अधिकाधिक कुटुंबांनी केला, तर एखाद्या आईवरचा हा भार हलकाही होईल.

मूल कितीही मोठे झाले तरी आई त्याला द्यायला उभी राहते, हे जिल्बेर्तने दाखवून दिले. आता प्रश्न मुलांपुढे आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आईला एवढेच विचारावे : "आई, तुझी प्रकृती कशी आहे?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिच्याजवळ बसावे.