आपली कहाणी आपण सांगावी



‘आत्मचरित्र’ हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक जाडजूड ग्रंथ उभा राहतो. आरंभी लेखकाचे छायाचित्र, मग घराण्याचा इतिहास, मग तुरुंगवास किंवा परदेशगमन, आणि शेवटी मानपत्रे. तो ग्रंथ बाजूला ठेवून आपण म्हणतो, “हे थोरांचे काम. आम्ही नोकरी केली, मुले वाढवली, कर्ज फेडले. आमच्या आयुष्यात सांगण्यासारखे आहे काय?” आजचे माझे व्याख्यान या एका प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आहे, आणि त्या उत्तरासाठी मावळाबाहेर फारसे जावे लागेल असे मला वाटत नाही.

आपल्या कार्ल्याच्या लेण्यापासूनच आरंभ करू. एकवीरेला जाणारी मंडळी चैत्यगृहात डोकावतात, कमानीकडे मान वर करून पाहतात आणि खाली उतरतात. दर्शनी भागावर आणि खांबांवर ब्राह्मी लिपीतील लहान लहान लेख आहेत, त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले हे लेख. एकात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल सांगतो की हे शैलगृह आपण पुरे केले आणि साऱ्या जंबुद्वीपात ते उत्तम आहे. धनिकाच्या तोंडी हे शोभते. पण दुसरा एक लेख सुताराचा आहे. धेनुकाकटचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, नाव सामी. दर्शनी दाराचे काम आपण केले एवढेच तो सांगतो. गाव, बापाचे नाव, स्वतःचे नाव आणि केलेले काम. एका ओळीत मावलेले हे आत्मचरित्रच नव्हे काय? धेनुकाकट नेमके कोठे होते यावर पंडित अजून वाद घालतात. पण सामी सुतार होता, याविषयी वाद नाही. ते त्यानेच सांगून ठेवले आहे.

आता त्याच डोंगररांगेत काही मैल पश्चिमेला, खंडाळ्याच्या घाटात या. १८५६ च्या आरंभी बोरघाटातील रेल्वेचे काम सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी तो मार्ग खुला झाला. २५ बोगदे खोदले गेले. १८६१ साली या कामावर एका वेळी ४०,००० हून अधिक माणसे राबत होती. सुरुंगांनी आणि पटकीने किती मेली याची तर मोजदादच नाही. इंजिनियर बर्कले यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. कंत्राटदार ट्रेडवेल १८५९ साली निवर्तले आणि काम पुढे नेण्यासाठी त्यांच्या पत्नी कशा उभ्या राहिल्या, हेही नमूद आहे. पण त्या हजारो मजुरांपैकी एकाचेही स्वतःच्या शब्दांतले दोन ओळींचे कथन आपल्यापाशी नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा सुतार आपल्याशी बोलतो आणि दीडशे वर्षांपूर्वीचा सुरुंगवाला मुका आहे.

त्याच घाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. लोककथा अशी की साहेबाला घाटाची वाट सापडेना, ती शिंग्रोबा धनगराने दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारताच त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही कथा खरी किती, हा प्रश्न मी येथे काढीत नाही. गाडीवान आणि ड्रायव्हर त्याच्यापुढे नाणे टाकत आले, त्यामागची कृतज्ञता खरी आहे. पण एवढे लक्षात घ्या, की शिंग्रोबाची कहाणी आपण सांगतो, त्याने सांगितलेली नाही. जो स्वतः सांगत नाही त्याची गोष्ट दुसरे सांगतात, आणि ती त्यांना हवी तशी सांगतात. कोणाला देव करतात, कोणाला नुसता आकडा करून ठेवतात.

घाट उतरून पेणच्या बाजूला गेले की वरसई नावाचे गाव लागते. तेथले विष्णुभट गोडसे हे एक गरीब भिक्षुक. घरचे कर्ज फेडावे, चार पैसे दक्षिणा मिळवावी, म्हणून १८५७ साली ते उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. परत आल्यावर पुष्कळ वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी आपली हकीगत लिहून काढली, आणि वैद्यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापली. भटजींच्या हिशेबाने पाहिले तर तो प्रवास फसला होता, कारण कर्ज फेडण्याइतके काही हाती राहिले नाही. परंतु आज झाशीविषयी लिहिणाऱ्याला या भिक्षुकाचे दार ठोठावल्यावाचून पुढे जाता येत नाही. आपल्या आयुष्यातले मोलाचे काय, हे आपल्याला जगताना कळतेच असे नाही. म्हणून ‘सांगण्यासारखे काही नाही’ हा निवाडा आपणच देऊन टाकू नये.

इथवर मी दुसऱ्यांच्या उपयोगाचे बोललो. मग सांगणाऱ्याचा स्वतःचा लाभ कोणता? माझे उत्तर असे की सांगितल्यावाचून आयुष्य कळत नाही. जगणे आणि जगलेले समजणे ही दोन वेगळी कामे आहेत. दिवस एकामागून एक येतात आणि आपण त्यांना तोंड देतो. कोणत्या प्रसंगाने आपल्याला वळण लावले, कोणता राग आपण वीस वर्षे वाहिला, कोणी केलेले उपकार आपण विसरलो, हे ओळीने मांडू लागलो म्हणजेच दिसू लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घ्या. याच तालुक्यात तळेगावला त्यांचा बंगला होता, हे आपण जाणताच. त्यांनी आपल्या आयुष्यातील काही प्रसंग इंग्रजीत लिहून ठेवले. ते लेखन पुस्तिकेच्या रूपाने १९९० साली प्रसिद्ध झाले. त्यातला पहिला प्रसंग १९०१ चा. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरतात. न्यायला कोणी आलेले नसते. मुले कोणत्या जातीची हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो आणि गाडीवाले नाकारतात. शेवटी दुप्पट भाड्यावर गाडी मिळते, पण हाकायची मुलांनी आणि गाडीवान शेजारून चालणार. वाटेत पाणी मिळत नाही. वस्तुतः यात काय घडले? निरोप पोचला नाही आणि मुलांचे हाल झाले. पण शाळेत वेगळे बसावे लागते, न्हावी केस कापत नाही, हे आधीपासून पाहणाऱ्या त्या मुलाला यात आपल्या साऱ्या स्थितीचा अर्थ प्रथमच धक्क्यासरशी कळला, असे मोठेपणी लिहिताना ते नमूद करतात. एका रात्रीचे हाल सांगितले गेले तेव्हा ते एका समाजव्यवस्थेविरुद्धची साक्ष ठरले.

फलटणच्या बेबी कांबळे यांनी तर आपले लेखन घरच्यांच्या नजरेपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. दुकान सांभाळता सांभाळता लिहावे आणि दडवून ठेवावे. १९८६ साली त्याचे पुस्तक झाले तेव्हा नाव होते ‘जिणं आमुचं’. ‘माझं’ म्हटले नाही, ‘आमुचं’ म्हटले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. प्रामाणिकपणे स्वतःचे सांगू लागले की शेजारचा, जातीचा, गावाचा माणूस त्यात आपोआप येऊन बसतो.

एकाच घराच्या दोन कहाण्या असू शकतात, हेही सांगितले पाहिजे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली निघाले. त्यात विधवांच्या शिक्षणासाठी सर्वस्व वाहणारा पुरुष दिसतो. आनंदीबाई कर्व्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली आले. सर्वस्व वाहणाऱ्या त्या पुरुषाच्या घरी संसार कसा चालवावा लागतो, हे त्यात दिसते. दोघांपैकी कोणी खोटे सांगितलेले नाही. पहिले पुस्तक वाचून आपण कर्व्यांना नमस्कार करतो, दुसरे वाचून तो नमस्कार दोघांना करतो. माझी तर विनंती अशी आहे की ज्या घरात आजोबांनी आठवणी लिहिल्या असतील, त्या घरात आजींच्याही लिहून घ्याव्यात.

अलीकडच्या मानसशास्त्राने या गोष्टीची आपल्या पद्धतीने परीक्षा घेतली आहे. १९८६ साली अमेरिकेत पेनेबेकर आणि बील या दोघांनी विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायला बसवले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातल्या क्लेशकारक घटनांवर. ज्यांनी घटना आणि तिच्याविषयीची भावना अशी दोन्ही लिहिली, त्यांना पुढल्या काही महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी चढावी लागली. पुढे असे प्रयोग शेकड्यांनी झाले. गुण दिसतो, पण तो माफक दिसतो. मनाची रोगव्यथा असेल तर वैद्यच गाठला पाहिजे. तरीही मनात घोळणाऱ्या दुःखाला आदि-मध्य-अंत दिला की ते थोडे हलके होते, या जात्यावर बसणाऱ्या बायांच्या अनुभवाला शास्त्राने दुजोराच दिला म्हणायचा.

जात्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या डोंगरातली गोष्ट सांगतो. १९८० नंतरच्या काळात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉयतवाँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून बायांच्या ओव्या गोळा करायला आरंभ केला. ते काम पुढे महाराष्ट्रभर पसरले आणि संग्रह एक लाखाच्या वर गेला. माहेर, सासर, भाऊ, लेक, दुष्काळ, नवऱ्याचा मार, विठ्ठलाशी भांडण, सारे त्यात आहे. ज्यांच्या हाती लेखणी कधी आली नाही, त्यांनी पहाटेच्या अंधारात आपले चरित्र सांगितले होते. ऐकणारा भेटला म्हणून ते टिकले. आता गिरण्या आल्या, जाती थांबली, आणि ओवी म्हणणाऱ्या बाया दरवर्षी कमी होत आहेत.

आणि येथे मी आजच्या मुख्य मुद्द्यावर येतो. हा मुलूख धरणांचा आहे. शेजारच्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. पुढाऱ्यांच्या हकीगती आपल्याला वाचायला मिळतात. पण ज्याची भातखाचरे बुडाली त्या मावळ्याने नव्या ठिकाणी पहिला पावसाळा कसा काढला, हे त्याच्या तोंडून किती लिहून घेतले गेले? पुढे पवनेवर धरण झाले. गो. नी. दांडेकर तळेगावचे. त्यांची ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी १९५५ ची, म्हणजे धरणापूर्वीच्या खोऱ्याची. स्वतःची भटकंतीही त्यांनी ‘स्मरणगाथा’मध्ये सांगितली आणि त्या ग्रंथाला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण सारे खोरे एका दांडेकरांवर सोपवून चालेल काय? उन्हाळ्यात पवनेचे पाणी ओसरले की वाघेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते, आणि माणसे तेथे छायाचित्रे काढायला जातात. त्या देवळाभोवती कोणाचे अंगण होते, विहीर कोणाची, यात्रेला कोण येई, हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. देऊळ पुढच्या वर्षीही दिसेल. सांगणारा भेटेलच, याची हमी कोणी द्यावी?

सांगण्याच्या काही धोक्यांविषयी बोलतो आणि संपवतो. पहिला धोका आत्मस्तुतीचा. तो सर्वांना ठाऊक आहे. दुसरा गाऱ्हाण्याचा, सारे आयुष्य दुसऱ्यांनी बिघडवले असा सूर लागला की सांगणारा स्वतःच्या कथेतून नाहीसा होतो. तिसरा स्मृतीच्या लबाडीचा; म्हणून सातबारा, शाळेचा दाखला, जुनी पोस्टकार्डे काढून बसावे आणि साल पडताळून पाहावे. चौथा धोका दुसऱ्याची झाकली मूठ उघडण्याचा. आपली गोष्ट सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, बहिणीची किंवा सुनेची गोष्ट तिला विचारल्यावाचून सांगण्याचा नाही.

आणि विचारणाऱ्या तरुणांनो, म्हाताऱ्या माणसाला “तुमच्या आयुष्याचा संदेश काय?” असे विचारू नका. तो बिचारा संकोचेल. “पहिला पगार किती होता? लोणावळ्याला पहिल्यांदा कशाने आलात? लग्नात जेवायला काय होते? घर सोडताना गाडीत काय काय घातले?” असे विचारा. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आवाज साठवण्याची सोय आहे, ती या कामी वापरा. पुस्तक निघण्याची गरज नाही. दहा पाने झाली तरी घराला पुरतात.

सामी सुताराने गाव, बाप, नाव आणि काम एवढेच सांगितले. आपल्याला त्याहून अधिक सांगता येईल, कारण आपल्यापाशी कागद आहे, भाषा आहे आणि ऐकणारी नातवंडे आहेत. या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी असतील. त्यांना बसवून घ्या आणि आरंभ करा.