आमच्या लेकींनीं वकिलीची सनद घ्यावी
(महाड येथें महाड व पोलादपूर तालुक्यांतील पालकांपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



चवदार तळें कसें खुलें झालें, असें महाडांत कोणालाही विचारा. तो २० मार्च १९२७ चा दिवस सांगेल. तें खरेंच आहे. पण तें तळें दोन ठिकाणीं जिंकावें लागलें. एकदां पाण्याच्या कांठीं आणि एकदां कोर्टांत. कांठावरचा लढा वर्षाच्या आंत झाला, कोर्टांतला दहा वर्षें चालला. डिसेंबर १९२७ मध्यें सनातन्यांनीं महाडच्या दिवाणी कोर्टांत दावा लावून मनाईहुकूम मिळविला. १९३१ सालीं तो दावा निघाला, १९३३ सालीं ठाण्याचें अपील फेटाळलें गेलें, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें शेवटचा निकाल दिला. अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादि वहिवाट वादींना शाबीत करतां आली नाहीं, असें ठरलें. हा दावा टिकला नाहीं याचें एक कारण असें कीं, प्रतिवादींत स्वतः बॅरिस्टर आंबेडकर होते. ज्या वर्गाला वहिवाटीच्या नांवाखालीं दाबलें, त्याच वर्गांतला माणूस वहिवाटीचा कायदा जाणत होता.

ब्राह्मणेतरांनाही हा अनुभव आहे. १९२६ सालीं ‘देशाचे दुश्मन’ प्रकरणांत जेधे-जवळकरांना झालेली शिक्षा अपिलांत उडाली, ती याच बॅरिस्टरांच्या वकिलीनें. आणि कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या, त्या कांहीं शोभेसाठीं नव्हेत.

आतां दुसरी बाजू पाहा. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांचा ठराव मुंबई कौन्सिलांत मंजूर झाला. त्याच वर्षीं स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा झाला. त्यापूर्वीं १९१६ सालीं कलकत्त्याच्या हायकोर्टानें रेजिना गुहा यांना व १९२१ सालीं पाटण्याच्या हायकोर्टानें सुधांशुबाला हाजरा यांना परत पाठविलें होतें. कायद्यांत ‘इसम’ होता, पण त्या इसमांत बाई धरली जात नव्हती. तळें सार्वजनिक होतें, पण त्या जनांत अस्पृश्य धरले जात नव्हते. दोन्ही कुलपें एकाच कारखान्यांतलीं!

कुलूप निघालें तरी वाट लांबच होती. मुंबई हायकोर्टांत पहिली स्त्री न्यायाधीश, सुजाता मनोहर, १९७८ सालीं आली. म्हणजे कायद्यानंतर पंचावन्न वर्षांनीं.

कोणी म्हणेल, कायदा सर्वांना एकच. वकील बाई कीं पुरुष, कोणत्या जातीचा, हें कशाला पाहावें? आम्ही विचारतों, कायदा एक असला तरी फिर्याद तोंडानेंच सांगावी लागते कीं नाहीं? पोलादपूरच्या डोंगरांत पुरुष मुंबईस चाकरीला आणि भात-नाचणी बाईच्या हातीं. सातबारा मात्र पुरुषाच्या नांवें. २००५ च्या कायद्यानें मुलीला वडिलोपार्जित जमिनींत मुलाइतकाच हिस्सा दिला. पण तिच्यापुढें हक्कसोडपत्र येतें तेव्हां भाऊ भावाचा, वकील भावाचा, लिहिणाराही भावाच्याच ओळखीचा! ‘सही कर’ म्हणणारे दहा. ‘थांब, आधीं वाच’ म्हणणारें कोण? २२ जुलै २०२१ रोजीं तळियेंत दरड कोसळून ऐंशींहून अधिक जीव गेले. अशा वेळीं मागें राहिलेल्या बाईला वारसाचे कागद करावे लागतात. नवऱ्याच्या माराची गोष्ट तर ती परक्या पुरुषापुढें अर्धीच सांगते, आणि अर्ध्या गोष्टीवर पुरा न्याय मिळत नाहीं.

पैशाची अडचण आम्ही जाणतों. पण ३० जुलै २०२४ रोजीं सुप्रीम कोर्टानें ठरविलें कीं, सनदेच्या नोंदणीस सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये व अनुसूचित जाति-जमातींकडून १२५ रुपये, याहून जास्त घेतां येणार नाहीं. पूर्वीं ठिकठिकाणीं हजारों रुपये लागत. दार उघडलें, पण दारांतून आंत गेल्यावर पहिलीं दोन-चार वर्षें खायचें काय? त्याच वर्षीं बार कौन्सिलनें नव्या वकिलांना गांवाकडे महिना पंधरा हजार व शहरांत वीस हजार द्यावे, अशी शिफारस केली. शिफारसीनें चूल पेटत नाहीं. ती पाळली गेली पाहिजे.

म्हणून आमचें मागणें साधें आहे. जुन्या वकिलांनो, शेतकऱ्याच्या, महाराच्या, कातकऱ्याच्या मुलीला हाताखालीं घ्या, आणि केवळ तारखा घेण्यास न पाठवितां तिला उलटतपासणी करूं द्या. पालकांनो, लग्नासाठीं कर्ज काढतां, त्याच्या निम्मे सनदेला लावा. आणि बायांनो, १९८७ च्या कायद्यानें स्त्रीला, तिचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा, आणि बाई वकील मिळावी असें स्पष्ट सांगा. मागणारी नसेल तर देणारा कशाला शोधील?

तळ्याचें पाणी आज सर्वांना खुलें आहे. कोर्टाची पायरीही तशीच खुली आहे. ती चढणारी पावलें आतां तुमच्या घरांतून निघालीं पाहिजेत. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.