टपालाने आलेले विद्यापीठ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



देशोदेशींची शैक्षणिक आणि सांस्कृतिक देवाणघेवाण, असा भारदस्त विषय चिटणीसबाईंनी मला दिला, तेव्हा एका भगिनीने लगेच विचारले, "पांढरकवड्याला त्याचं काय हो?" प्रश्न रास्त आहे. परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विमान आणि शिष्यवृत्ती उभी राहते, आणि आपल्याकडे तर कापसाचे भाव पडले की मुलीची फी आधी थांबते. म्हणून मी विमानाची गोष्ट सांगत नाही, एका पुस्तिकेची सांगते.

परदेशी विद्या म्हटली की प्रथम आनंदीबाई जोशी आठवतात. 1883 साली त्या अमेरिकेस गेल्या, 1886 मध्ये फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या आणि 1887 च्या फेब्रुवारीत वारल्या. वय अवघे एकवीस. तेथील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंच्या जोडीला जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली बसल्या आहेत. तिघी तीन मुलखांच्या, तिघींचे पोशाख आपापले. किती वेळा पाहिले तरी माझे मन भरत नाही. पण आनंदीबाई गेल्या आणि त्यांची विद्याही त्यांच्याबरोबरच गेली. एकाच माणसाच्या जिवावर आणलेल्या विद्येचे असेच होते.

अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका टपालाने आली. त्यांनी ती चाळून बाजूला ठेवून दिली. आपणही असेच करतो. पुढे 1915 च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणात काय सांगावे याचा विचार करताना त्यांना ती पुस्तिका आठवली. विधवांना आणि मुलींना शिकवून त्यांना वीस वर्षे होत आली होती, आणि या मुलींनी पुढे कुठे जायचे हा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. म्हणून उत्तर हाती लागताच ओळखू आले. 1916 साली विद्यापीठ सुरू झाले तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाईंचे, नाव विद्यापीठास लागले. आता त्याचे केंद्र आपल्या बाजूच्या चंद्रपूर जिल्ह्यात, बल्लारपूरलाही आले आहे.

ज्या जपानी विद्यापीठाची ती पुस्तिका होती, ते जिन्झो नारुसे यांनी 1901 साली टोकियोत काढले. नारुसे स्वतः काही वर्षे अमेरिकेत शिकून आले होते. म्हणजे कल्पना अमेरिकेतून जपानात गेली आणि तेथून पुण्यास आली. उलट दिशेने, 1929 साली सत्तरी ओलांडलेले कर्वे युरोपास निघाले. डेन्मार्कमध्ये एल्सिनोर येथे भरलेल्या शिक्षणतज्ज्ञांच्या परिषदेला ते गेले. मग अमेरिका करून टोकियोचे ते विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे वर्षभराहून अधिक काळ आफ्रिकेत हिंडले. या वयात आपण घरातल्यांना तीर्थयात्रेलाही एकटे सोडत नाही!

मात्र त्यांनी जपानची नक्कल केली नाही. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी हा एक सक्तीचा विषय, अशी त्यांची रचना होती. मुलींना पदवी हलकी मिळेल, असा आक्षेप तेव्हा पुष्कळांनी घेतला. मलाही त्या अभ्यासक्रमातील गृहजीवनशास्त्रावरचा भर जरा अधिकच वाटतो. पोळ्या लाटायला विद्यापीठ कशाला हवे? पण इंग्रजीच्या उंबऱ्याशीच अडलेल्या मुलींना आत घेण्याची वाट त्यांनी काढली, हे मी त्याहून मोठे मानते. सरकारने कायदा करून या विद्यापीठाला पूर्ण मान्यता दिली ती 1951 साली. तोवर पस्तीस वर्षे मुली त्या पदवीवर शिकल्या, शिक्षिका झाल्या.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येते. मातृभाषा म्हटली की आपण मराठी धरून चालतो. पण आपल्या केळापूर तालुक्यातील कोलाम पोडावरच्या मुलीची मातृभाषा कोलामी आहे. पहिलीच्या वर्गात ती गप्प बसते, बाई तिला मंद समजतात, आणि चौथी-पाचवीपर्यंत ती शाळा सोडते. इंग्रजीपुढे जी गत पुण्याच्या मुलीची होती, तीच मराठीपुढे हिची आहे. परदेश सातासमुद्रांपलीकडेच असतो असे नाही. आपल्यापैकी किती जणींना कोलामीतला एक तरी शब्द येतो? मला चार येतात, आणि तेही माझ्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या बाईने शिकवले.

मंडळाच्या वाचनालयाचा हॉल रविवारी सकाळी रिकामा असतो. तेथे एखाद्या कोलाम आजीने मुलांना आपल्या भाषेतल्या गोष्टी सांगाव्या, आपण त्या मराठीत लिहून घ्याव्या आणि आपल्या गोष्टी तिला सांगाव्या, असे मी कार्यकारिणीपुढे मांडले आहे. "हे मंडळाचे काम नव्हे," असे काही भगिनींचे म्हणणे आहे. त्यांनी येत्या बैठकीला अवश्य यावे आणि बोलावे. आजींना आणण्या-पोचवण्याचे रिक्षाभाडे सध्या मी देईन, सहा महिन्यांनी मात्र मंडळाला ठराव करावा लागेल.